कोऱ्या पानामागची सेवा: सरकारी आदेश हाताळणाऱ्या ‘एक्स’चे परीक्षण

एक्सवर भारतात रोखलेले एखादे खाते उघडले की समोर जवळजवळ कोरे पान येते. त्यावर खात्याचे नाव असते आणि कायदेशीर मागणीमुळे हे खाते भारतात रोखून ठेवले आहे, अशा अर्थाचे एक वाक्य असते. मागणी कोणी केली, कोणत्या कलमाखाली केली, खात्यावरच्या नेमक्या कोणत्या मजकुराबद्दल केली आणि ही बंदी किती दिवसांची आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तेथे मिळत नाही. त्याच वेळी टोरोंटोत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला तेच खाते सगळ्या मजकुरासह दिसत असते. यात आक्षेपार्ह काय आहे, असे त्याने पुण्यातल्या नातेवाइकाला विचारले, तर पुण्यातल्या माणसाकडे पाहायलाच काही नसल्यामुळे सांगायलाही काही नसते.

हे परीक्षण त्या एका पानामागच्या सेवेचे आहे. निळ्या खुणेचे शुल्क, जाहिरातींचा सुळसुळाट, ग्रोक या चॅटबॉटची उत्तरे, प्रत्युत्तरांतली शिवीगाळ यांवर बरेच लिहून झाले आहे आणि त्यात मला भर घालायची नाही. सरकारने ‘हे काढा’ असे कळवल्यापासून वाचकाच्या पडद्यावर ते कोरे पान येईपर्यंतच्या काळात ही कंपनी आपल्या लिहिणाऱ्यांसाठी आणि वाचणाऱ्यांसाठी काय करते, एवढेच मी पाहणार आहे. कंपनीचे नाव ट्विटर होते त्या काळाचा हिशेबही यात धरला आहे, कारण आजच्या सेवेची प्रत जुन्या सेवेशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

समाजमाध्यम कंपन्यांनी सरकारची मनाई पाळावी की नाही, हा प्रश्न बहुधा ‘हो की नाही’ अशा थाटात विचारला जातो, आणि तसा विचारला की त्याचे उत्तर कंटाळवाणे होते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधील कलम ६९ अ हे २००८ च्या दुरुस्तीने आले. देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि या बाबींशी निगडित दखलपात्र गुन्ह्यांना चिथावणी, एवढ्याच कारणांसाठी मजकूर रोखण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला दिला. आदेश न पाळणाऱ्या मध्यस्थाला, म्हणजे इतरांचा मजकूर ठेवून घेणाऱ्या कंपनीला, सात वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद त्याच कलमात आहे. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनी ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या प्रत्येक कंपनीला अनुपालन अधिकारी, संपर्क अधिकारी आणि तक्रार निवारण अधिकारी असे तीन अधिकारी भारतात राहणारे नेमायला लावले. म्हणजे आदेश मोडलाच तर ज्याच्या दारावर पोलिसांनी थाप मारावी अशा माणसाची सोय आधीच करून ठेवलेली आहे. अशा स्थितीत ‘आम्ही मानतच नाही’ असे म्हणणारी कंपनी येथे फार दिवस चालू शकत नाही, आणि एखाद्या कर्मचाऱ्याने आपल्या मतस्वातंत्र्यासाठी तुरुंगात जावे असे मागण्याचा अधिकार मला किंवा वाचकाला आहे, असे मला वाटत नाही.

म्हणून मी वेगळा निकष लावतो, आणि तो मला २००९ च्या नियमांमधल्या एका शब्दावरून सुचला. मजकूर रोखण्याची कार्यपद्धती सांगणाऱ्या त्या नियमांपैकी आठवा नियम म्हणतो की मजकूर टाकणारी व्यक्ती ‘किंवा’ तो ठेवून घेणारा मध्यस्थ यांचा शोध घ्यावा, त्यांना नोटीस द्यावी आणि बाजू मांडण्यासाठी किमान ४८ तास द्यावेत. या ‘किंवा’चा व्यवहारातला अर्थ असा होतो की कंपनीला नोटीस पोहोचली की काम भागले; ज्याने लिहिले त्याला कळवले नाही तरी कागदोपत्री काही उणे राहत नाही. नववा नियम तातडीच्या प्रसंगी ही नोटीससुद्धा बाजूला ठेवू देतो. आणि सोळावा नियम सांगतो की मागण्या, तक्रारी आणि त्यांवर केलेली कारवाई यांबाबत काटेकोर गुप्तता पाळावी. या तिन्ही नियमांना आव्हान देणाऱ्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये केंद्राला नोटीस काढली. तिचा निकाल लागेपर्यंत वस्तुस्थिती अशी की माझ्या लिखाणाविरुद्धचा कागद माझ्या हाती येत नाही, तो कंपनीच्या हाती पडतो. मी वकीलपत्र दिलेले नसताना ती माझी वकील होऊन बसते, आणि पक्षकाराला न विचारता तडजोड करणाऱ्या वकिलाबद्दल आपण जे म्हणतो तेच तिच्याबद्दल म्हणायला हरकत नाही. तिने आदेश पाळला का, यापेक्षा तो कागद हाती आल्यावर तिने माझ्यासाठी काय केले, हे विचारणे मला अधिक न्याय्य वाटते.

या दृष्टीने जुन्या ट्विटरने सुरुवात चांगली केली होती. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने देशनिहाय रोखण्याची सोय जाहीर केली. तोपर्यंत मजकूर काढायचा म्हणजे साऱ्या जगातून काढायचा, असाच मार्ग होता. आता एका देशाच्या हुकुमाने उरलेल्या जगाचे वाचन थांबणार नव्हते. त्या वेळी या सोयीवर टीका झाली, पण मला ती आजही त्यातल्या त्यात प्रामाणिक तोड वाटते, कारण तिने रोखलेल्या जागी पाटी ठेवली. मजकूर गुपचूप नाहीसा झाला असता तर वाचकाला तो होता हेच कळले नसते.

कोरी जागा किती बोलते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. २८ जून १९७५ रोजी इंडियन एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, आणि पुढे आणीबाणीतल्या सेन्सॉरने कोऱ्या जागा सोडण्यावरही बंदी घातली. त्याच काळात मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मुंबईच्या छोट्या इंग्रजी मासिकातले अकरा लेख सेन्सॉरने अडवले, तेव्हा मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले. एकल न्यायाधीशांपुढे ते जिंकले, सरकारने अपील केले, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये खंडपीठानेही त्यांच्याच बाजूने निकाल दिला. सेन्सॉरने सरकारवरची टीका ही सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका म्हणून दडपू नये, असा त्या निकालाचा सूर होता. मसानींच्या मासिकाला भांडवल किती आणि खप किती, याचा विचार केला की आजच्या अब्जावधी डॉलरच्या कंपन्यांचे ‘आमचा नाइलाज आहे’ हे पालुपद जरा जपूनच ऐकावेसे वाटते.

ट्विटरची खरी परीक्षा फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या वेळी झाली. सरकारच्या आदेशावरून १ फेब्रुवारीला अडीचशेच्या आसपास खाती भारतात रोखली गेली. त्यांत किसान एकता मोर्चा आणि ‘द कॅरव्हान’ हे मासिक यांचाही समावेश होता. काही तासांतच कंपनीने ती पुन्हा खुली केली. त्यानंतर सरकारने कंपनीला नोटीस दिली आणि आणखी ११७८ खात्यांची यादी पाठवली. १० फेब्रुवारीला कंपनीने जाहीर निवेदन काढून सांगितले की पाचशेहून अधिक खात्यांवर वेगवेगळ्या स्वरूपाची कारवाई केली आहे, परंतु वृत्तसंस्था, पत्रकार, कार्यकर्ते आणि राजकारणी यांच्या खात्यांना हात लावलेला नाही, कारण तसे करणे भारतीय कायद्यानेच दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग ठरेल. यादीतली सगळीच खाती निष्पाप होती, असे कोणी म्हणणार नाही. पण कंपनीने यादी चाळली, एकेका खात्याबद्दल मत बनवले, ते उघडपणे मांडले आणि त्याची किंमत मोजायची तयारी ठेवली. सेवेची माझी व्याख्या हीच आहे. त्याच वर्षी मे महिन्यात सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्याच्या ट्वीटवर कंपनीने लावलेल्या ‘फेरफार केलेला मजकूर’ अशा शेऱ्यावरून दिल्ली पोलिसांचे पथक कंपनीच्या दिल्ली व गुरुग्राम येथील कार्यालयांत जाऊन आले, यावरून ती किंमत कल्पनेतली नव्हती, हे लक्षात यावे.

जुलै २०२२ मध्ये कंपनी कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२१ पासूनच्या वर्षभरात तिला १४७४ खाती आणि १७५ ट्वीट रोखण्याचे आदेश मिळाले होते, त्यांपैकी ३९ दुव्यांपुरते तिने आव्हान दिले. एखाद्या ट्वीटमुळे अख्खे खाते का रोखायचे आणि लिहिणाऱ्याला नोटीस का नाही, हे तिचे मुख्य मुद्दे होते. ३० जून २०२३ रोजी न्या. कृष्ण दीक्षित यांनी याचिका फेटाळली आणि कंपनीला ५० लाख रुपयांचा खर्च लावला. आदेश वर्षभर न पाळता मग दाद मागायला येणारी ही कोणी कायदा न जाणणारी गरीब शेतकरी व्यक्ती नाही, अब्जावधींची कंपनी आहे, असा निकालाचा रोख होता. याचिकेच्या मुळाशी शेतकरी आंदोलनाच्या काळातलेच आदेश होते, हा योगायोग माझ्या मनातून जात नाही. पण निकालातली एक गोष्ट कंपनीच्या बाजूने उभ्या राहणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यावी अशी आहे: ज्यांची खाती रोखली गेली ती माणसे न्यायालयात आलेली नव्हती. त्यांना कागदच मिळत नाही तर ती येणार कशी, हे म्हणणे खरे आहे. तरीही कंपनी स्वतःच्या नावाने लढली की ती परकी कंपनी ठरते आणि नागरिकांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य देणाऱ्या घटनेतल्या कलम १९ चा आधार तिला मिळत नाही. म्हणजे ज्याला हक्क आहे त्याच्याकडे नोटीस नाही आणि ज्याच्याकडे नोटीस आहे त्याला हक्क नाही.

हा खटला चालू असतानाच, २७ ऑक्टोबर २०२२ रोजी, कंपनी इलॉन मस्क यांच्या ताब्यात गेली होती. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कट्टर पुरस्कर्ते अशी ओळख स्वतःच करून देणाऱ्या मालकाकडून अधिक प्रतिकाराची अपेक्षा होती. जानेवारी २०२३ मध्ये २००२ च्या गुजरात दंगलींसंबंधीच्या बीबीसीच्या माहितीपटाचे दुवे रोखण्याचा तातडीचा आदेश निघाला, तेव्हा यूट्यूबप्रमाणे ट्विटरनेही तो पाळला. एप्रिलमध्ये बीबीसीच्याच मुलाखतीत मस्क यांना याबद्दल विचारले असता भारतातले नियम बरेच कडक आहेत, देशाच्या कायद्यापलीकडे जाता येत नाही आणि आमची माणसे तुरुंगात जाणे किंवा आदेश पाळणे यांतून निवडायचे असेल तर आम्ही पाळू, असे उत्तर त्यांनी दिले. उत्तर सरळ होते, आणि वर मी स्वतः जे म्हटले आहे त्याहून फार वेगळेही नव्हते.

माझी तक्रार त्याच महिन्यातल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या केंद्राकडून ‘लुमेन’ नावाचा एक संग्रह चालवला जातो. मजकूर काढण्याबद्दल आलेल्या मागण्यांच्या प्रती कंपन्या तेथे जमा करतात आणि कोणालाही त्या शोधता येतात. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, सरकारच्या कामगिरीवर टीका करणारी पन्नासहून अधिक ट्वीट भारतात रोखली गेली. त्यांत एका खासदाराचे आणि एका राज्याच्या मंत्र्यांचेही ट्वीट होते. हे देशाला कळले ते ट्विटरने लुमेनकडे पाठवलेल्या प्रतीमुळे. सरकारने ते जाहीर केले नव्हते आणि आपणहून करण्याचे त्याला कारणही नव्हते. मस्क यांच्या पहिल्या सहा महिन्यांत जगभरातून आलेल्या ९७१ सरकारी व न्यायालयीन मागण्यांपैकी ८०८ पूर्णपणे आणि १५४ अंशतः मान्य झाल्या, असे ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या नियतकालिकाने एप्रिल २०२३ च्या अखेरीस दाखवून दिले, तेही लुमेनमधल्याच नोंदी मोजून. आणि त्याच एप्रिलमध्ये कंपनीने लुमेनकडे प्रती पाठवणे थांबवले. २०१२ पासून दर सहामाहीला निघणारा पारदर्शकता अहवालही बंद पडला, आणि मस्क यांच्या कारकिर्दीतला तसा पहिला अहवाल थेट सप्टेंबर २०२४ मध्ये आला.

आदेश पाळणे एक वेळ समजू शकते. तुरुंगाची भीती, धंद्याची चिंता आणि मंत्रालयाशी बिघडू नये ही काळजी, ही सारी कारणे माणसाला कळतात. पण आपण काय पाळले याची वही बंद करायला कोणत्याही सरकारने या कंपनीला भाग पाडल्याचे दिसत नाही. लुमेनकडे जाणारी प्रत कंपनीच्या स्वतःच्या निर्णयाने थांबली, आणि या एका निर्णयाने तिने आपल्या वापरकर्त्यांचे जेवढे नुकसान केले तेवढे दहा आदेश निमूटपणे पाळून केले नसते. मी या सेवेचे गुण सर्वांत अधिक याच ठिकाणी कापतो.

त्यानंतरचा काळ मिश्र आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये, पुन्हा एकदा शेतकरी दिल्लीच्या वेशीवर असताना, कंपनीच्या सरकारी व्यवहार विभागाने आपल्या खात्यावरून सांगितले की सरकारी आदेशांनुसार आम्ही काही खाती आणि लेखन फक्त भारतात रोखत आहोत, परंतु आम्ही या कारवाईशी असहमत आहोत. आदेश प्रसिद्ध व्हावेत असे आम्हाला वाटते, मात्र कायद्यामुळे ते आम्हाला करता येत नाही. ८ मे २०२५ रोजी, भारत आणि पाकिस्तान यांच्यात प्रत्यक्ष चकमकी चालू असताना, कंपनीने जाहीर केले की आठ हजारांहून अधिक खाती रोखण्याचे आदेश आले आहेत, अनेक बाबतींत कोणता मजकूर कायद्याविरुद्ध आहे हेच सांगितलेले नाही, आणि न पाळल्यास भारतातल्या कर्मचाऱ्यांना मोठा दंड व कैद होऊ शकते. जुलै २०२५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेचे खाते भारतात दिसेनासे झाले. २३५५ खात्यांच्या यादीत ते होते असे कंपनी म्हणाली. आम्ही रॉयटर्सबद्दल नवा आदेश काढलेलाच नाही असे सरकार म्हणाले. आणि खाते परत आले. आदेशाची प्रत कोणालाच दिसत नसल्यामुळे या दोघांपैकी कोणाचे खरे मानायचे, हे वाचकाने आपापल्या पूर्वग्रहानुसार ठरवायचे. आकडा जाहीर करणे हे गप्प राहण्यापेक्षा बरेच बरे, हे मान्य करायला हवे. परंतु आठ हजारांचा आकडा सांगितल्याने त्यांतल्या एकालाही आपला कागद मिळत नाही.

न्यायालयात जाण्याची जुनी सवय मात्र नव्या मालकाने पुन्हा लावून घेतली, ही जमेची बाजू. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ‘सहयोग’ या पोर्टलवरून, बेकायदा मजकुराची सूचना मिळूनही तो न काढणाऱ्या कंपनीचे कायदेशीर संरक्षण काढून घेणाऱ्या कलम ७९ (३) (ब) चा आधार घेऊन केंद्रातल्या आणि राज्यांतल्या यंत्रणा थेट कंपन्यांना मजकूर काढायला सांगू लागल्या, तेव्हा बऱ्याच मोठ्या कंपन्या त्या व्यवस्थेत सामील झाल्या आणि एक्सने मार्च २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात दावा मांडला. कलम ६९ अ मध्ये निदान समिती आहे, लेखी कारणे आहेत आणि पुनर्विलोकन आहे. ही आडवाट त्या सगळ्याला वळसा घालते, हे कंपनीचे म्हणणे मला पटते. याला पालघरचा संदर्भ आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर टाकलेल्या मजकुरावरून पालघरमधल्या दोन तरुणींना अटक झाली. त्यावरून सुरू झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी इंटरनेटवरचा आक्षेपार्ह मजकूर गुन्हा ठरवणारे कलम ६६ अ रद्द केले, ६९ अ त्यातल्या संरक्षणांमुळे टिकवले, आणि ७९ (३) (ब) चा अर्थ न्यायालयाचा आदेश किंवा घटनेतल्या मर्यादांत बसणारी सरकारी अधिसूचना एवढ्यापुरता आवळला. न्या. नागप्रसन्न यांनी २४ सप्टेंबर २०२५ रोजी एक्सची याचिका फेटाळताना ते सूत्र जुन्या नियमांच्या संदर्भातले आहे आणि २०२१ च्या नियमांना ते जसेच्या तसे लावता येणार नाही, असे म्हटले. पुढच्याच महिन्यात सरकारने नियम दुरुस्त करून असे आदेश सहसचिव किंवा पोलीस उपमहानिरीक्षक दर्जाखालच्या अधिकाऱ्याने काढू नयेत आणि सचिव पातळीवर दरमहा त्यांचा आढावा व्हावा, अशी तरतूद केली. खटला हरूनही पक्षकाराच्या पदरात थोडेसे पडते ते असे.

मुंबई उच्च न्यायालयातले प्रकरण मी मुद्दाम आठवतो, कारण त्यात या कंपन्या दिसल्याच नाहीत. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलची ‘खोटी’ माहिती ठरवणारा तथ्यतपासणी कक्ष स्थापण्याच्या २०२३ च्या नियमाला विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतरांनी आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाला, आणि तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबरमध्ये दिलेल्या मतामुळे तो नियम रद्द ठरला. त्या नियमाचा पहिला फटका ज्यांच्या कायदेशीर संरक्षणाला बसणार होता, त्या कंपन्यांसाठी ही लढाई एका विनोदकाराने आणि संपादकांनी लढली.

आदेश पाळू नयेत असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ऑगस्ट २०१२ मधले पुणे आठवावे. ईशान्येकडील विद्यार्थ्यांवर शहरात हल्ले झाले, मोबाइलवरून अफवा फिरल्या आणि पुणे व बंगळूर येथून गाड्या भरभरून माणसे गुवाहाटीकडे निघाली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारले. त्या अफवा व्हॉट्सॅपवरून पसरलेल्या होत्या. अशा वेळी मजकूर थांबवणारा कोणीतरी हवा, हे मी नाकारत नाही. परंतु २०१२ च्या त्या चार दिवसांत सरकारने रोखायला सांगितलेल्या तीनशेहून अधिक दुव्यांची यादी बाहेर आली, तेव्हा त्यात अफवांचे खंडन करणारी पानेसुद्धा सापडली. ही चूक लक्षात आली ती यादी लोकांना पाहता आली म्हणूनच. सोळाव्या नियमाप्रमाणे ती बंद पाकिटात राहिली असती तर अफवा खोडणाऱ्याचे पान कोणी आणि का झाकले, हे त्यालाही कळले नसते.

परदेशातला व्यवहार पाहिला की मालकाचे तत्त्व कोणते, हे ठरवणे आणखी कठीण होते. मे २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या निवडणुकीच्या तोंडावर कंपनीने तेथे काही मजकूर रोखला. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्राझीलमध्ये मात्र तिने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अलेक्झांडर दे मोराएस यांचे खाती रोखण्याचे आदेश मानायला नकार दिला, प्रतिनिधीला अटकेची धमकी दिल्याचे सांगून तिथले कार्यालय बंद केले, आणि महिनाअखेरीस तिच्यावर देशव्यापी बंदी आली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सेवा परतली ती खाती रोखून, प्रतिनिधी नेमून आणि दंड भरून. ब्राझीलच्या वापरकर्त्यांना या हट्टातून पाच-सहा आठवड्यांच्या गैरसोयीपलीकडे काय मिळाले, ते मला सांगता येत नाही.

इतर कंपन्यांशी तुलना थोडक्यात आटोपतो. यूट्यूब रोखलेल्या चित्रफितीच्या जागी राष्ट्रीय सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांसंबंधीच्या सरकारी आदेशामुळे हा मजकूर या देशात उपलब्ध नाही, असे लिहिते. यात आदेश सरकारचा आहे आणि कारण साधारण कोणते आहे, एवढे तरी कळते, आणि हे एक्सच्या पाटीपेक्षा नक्कीच सरस आहे. इन्स्टाग्राम कायदेशीर विनंतीचे पालन केल्याचे सांगून थांबते. गूगल देशवार आणि कारणवार आकडे अनेक वर्षे देत आले आहे. न्यायालयात जाण्याच्या बाबतीत मात्र एक्सच्या जवळपास यांतली कोणीही येत नाही. गुपचूप पाळून व्यवस्थित आकडे छापणारी कंपनी बरी, की गाजावाजा करून लढणारी आणि वही लपवणारी बरी, असे कोणी विचारले तर मी पहिलीला झुकते माप देईन, पण फार आनंदाने नव्हे.

पाचपैकी दोन गुण: एक न्यायालयीन प्रयत्नांसाठी आणि एक रोखलेल्या जागी पाटी ठेवण्याची जुनी पद्धत मोडली नाही यासाठी. लुमेनकडे प्रती पुन्हा जाऊ लागल्या आणि कोऱ्या पानावर आदेशाचा दिनांक व कलम दिसू लागले, तर तिसरा गुण द्यायला मी तयार आहे.

ज्यांना ही सेवा वापरावीच लागते त्यांच्यासाठी व्यवहारातल्या दोन गोष्टी. खाते रोखल्याचे कळवणारा कंपनीचा मेल आला तर तो जपून ठेवावा. त्यात आदेशाची प्रत नसते, केवळ भारतीय कायद्याचा हवाला असतो, तरी तारखेचा पुरावा तोच. त्याच्या आधारे इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे आदेशाची प्रत आणि सुनावणी लेखी मागावी. हुंड्याची खिल्ली उडवणाऱ्या एका संकेतस्थळाच्या मालकाला ती प्रत व सुनावणी द्यावी, असे दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितले. ते संकेतस्थळ २०१८ पासून रोखलेले होते. दुसरी गोष्ट अशी की भारतात रोखलेल्या खात्याचे लॉगिन बंद होत नाही. सेटिंग्जमधून आपल्या सगळ्या लेखनाचा संग्रह मागवता येतो. तो तयार व्हायला दिवसभर किंवा अधिकही लागतो, म्हणून मेल येण्याची वाट न पाहता अधूनमधून उतरवून घ्यावा.